नरसम्माची सुई

माझ्या डाव्या दंडावर, कोपराच्या चार बोटं वर, एक डाग आहे. कुणी विचारलं की लहानपणी भाजलं होतं, असं मी सांगत आले. लग्न ठरताना सासूबाईंना हेच सांगितलं, नंतर नवऱ्याला आणि मुलांनाही हेच. गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं हिमायतनगरच्या एका चकाचक दुकानात मनगटावर टॅटू काढून घेतला आणि सोबतीला मला नेलं. तिथल्या मुलानं हातमोजे घातले, भाचीची कागदावर सही घेतली आणि सुईचं बंद पाकीट तिच्या डोळ्यांसमोर फोडलं. भाची मला म्हणाली, "बघ मावशी, किती काळजी घेतात. पूर्वी असं काही नसेल ना." मी नुसती मान हलवली. पूर्वीही असं होतं, आणि ते मी स्वतः पाहिलं होतं, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. घरी आल्यावर दोन दिवस मला कशातच चव लागेना. या आठवणींच्या आधीच्या प्रकरणांमध्ये मी स्वतःला जरा बरी मुलगी म्हणून रंगवली आहे, हे मला ठाऊक आहे. या प्रकरणात ते जमणार नाही.

आमचं घर नारायणगुड्याच्या अलीकडच्या एका गल्लीत होतं. अण्णा वकील. खालच्या पुढच्या खोलीत त्यांची कचेरी, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये एक नावापुरतं दार, त्यामुळे कचेरीतलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येई आणि आईची फोडणी कचेरीत जाऊन पक्षकारांना खोकवी. कारकून मुन्शीजींच्या टाइपरायटरची टकटक थांबली की आई चहाचं आधण ठेवायची, कारण अण्णा आता हाक मारणार हे तिला कळायचं. अण्णा आमच्याशी मराठी बोलत, पक्षकारांशी दखनी, जजसाहेबांविषयी बोलताना अस्सल उर्दू, आणि रागावले की तिन्ही एकदम. पुण्याचे पाहुणे आले की आमची भाषा ऐकून हसू दाबत बसायचे. आईच्या वरणात गूळ कमी आणि चिंच जास्त असायची, जेवताना ताटात एखादा तरी लालभडक आंध्री ठेचा लागायचाच, आणि तरीही दारात आलेल्या प्रत्येकाला ती "आम्ही मराठी" असं आवर्जून सांगायची.

अण्णांची एक गोष्ट अख्ख्या कोर्टाला माहीत होती. पढवलेला साक्षीदार ते उभा करत नसत. कितीही मोठा पक्षकार असो, असं काही सुचवलं की त्यांचा आवाज चढायचा. "साक्षीदार सिखाको लाना है तो दूसरा वकील देखो," हे वाक्य मी पोळ्या लाटता लाटता निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यापायी त्यांची प्रॅक्टिस कधी फार फुगली नाही, पण रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी लोक सलाम करायचे. मला त्याचा भारी ताठा होता. वकीलसाहेबांची मुलगी म्हटलं की दुकानदार बसायला स्टूल द्यायचे, रांगेत कुणीतरी पुढे सोडायचं, आणि ते सगळं माझंच कर्तृत्व असल्यासारखी मी वागायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझी मैत्रीण पद्मजा दिलसुखनगरला राहायची. तिच्या हाताच्या पंजामागे एक छोटी चांदणी गोंदवलेली होती, तिच्या आईच्या हातावर तर मनगटापासून नक्षी होती. आमच्याकडे गोंदणाचं नाव काढायची सोय नव्हती. ते अडाण्यांचं काम, असं आई म्हणायची. पद्मजाची आई शाळेत शिकवायची आणि माझी आई सातवीपर्यंत शिकलेली, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मला गोंदवून घ्यायचं होतं ते काही आईचा गैरसमज दूर करायला नव्हे. मला ते हवं होतं, एवढंच. जिभेच्या धारेमुळे अण्णा मला लाडानं विंचवीण म्हणायचे, म्हणून मी ठरवलं की विंचूच काढायचा, आणि तोही बाहीखाली, म्हणजे कुणाला कळणार नाही.

पद्मजाच्या घराजवळच्या बाजारात, एका बांगड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर नरसम्मा बसायची. चाळिशीची असेल, काळीसावळी, काटक, कपाळावर मोठं कुंकू. तिची आई आणि आजी गावोगाव फिरून हातानं गोंदायच्या. हिनं एक छोटं मोटारवालं यंत्र कुणाकडून तरी करवून घेतलं होतं आणि दुकानातून तार ओढून ते ती चालवायची. ते सुरू झालं की भुंगा खोलीत शिरल्यासारखा आवाज यायचा. तिचा एक नियम होता, आणि त्याबद्दल बाजारातले लोक तिची चेष्टाही करायचे. सुई गिऱ्हाइकानंच आणायची. समोरच्या दुकानातून सुयांचं नवं पाकीट घ्यायचं, तिच्या हातात द्यायचं, ती तुमच्यासमोर ते फोडणार, एक सुई उकळत्या पाण्यात घालून यंत्रात बसवणार, आणि काम झालं की पकडीनं ती सुई मधोमध वाकवून, कागदात गुंडाळून तुमच्याच हातात देणार. म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागणं शक्यच नाही. तिच्या धाकट्या बहिणीला कुठल्यातरी जत्रेत वापरलेल्या सुईनं गोंदलं होतं आणि ती त्यात गेली, असं पद्मजानं मला सांगितलं होतं.

दिवाळी तीन दिवसांवर आली होती. मी पाकीट घेऊन बसले तेव्हा नरसम्मानं पहिल्यांदा विचारलं, घरी सांगून आलीस का. मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दिवाली होने दो, फिर आओ. आठ रोज इसकू तेल नक्को, हल्दी नक्को, साबन नक्को. तुम लोगां में भी दिवाली कू तेल का नहाना रहता ना?"

दिवाळीनंतर कॉलेजला सुट्टी होती. सुट्टीत मला एकटीला दिलसुखनगरला कोण सोडणार? आणि सुट्टी संपेपर्यंत थांबायचा माझ्यात धीर नव्हता.

"हमारे में नहीं रहता," मी म्हटलं.

मराठी माणसाच्या घरात दिवाळीला अभ्यंगस्नान नसतं, असं मी एका तेलुगू बाईला ठोकून दिलं आणि तिनं ते मानलं. आमच्या रीतिरिवाजांची तिला काय माहिती असणार? पद्मजानं मला कोपर मारलं, पण मी दंड पुढे केला. नरसम्मा हात फार हलका ठेवायची. विंचवाच्या नांग्या, आठ पाय, आणि वर वळलेली शेपटी, सगळं तिनं हात न थरथरता काढलं. शेपटीच्या टोकाला डंक काढताना ती मला गप्पांत गुंतवायला बघत होती, मुली फूल मागतात, नाव मागतात, तू हा काय मागितलास, असं. शेवटी सुई वाकवून तिनं कागदाची पुडी माझ्या हातात दिली. ती मी कंपासपेटीत ठेवली.

नरकचतुर्दशीला आमच्याकडे आईचं राज्य असायचं. उटणं घरचं, मसुराची डाळ भरडून, संत्र्याची साल आणि कचोरा कुटून केलेलं, आणि चाळायचं म्हणजे कंजूषपणा असं तिचं मत असल्यामुळे वाळूसारखं खरखरीत. बंबातल्या पाण्याचा, तेलाचा, चिवड्यातल्या कढीपत्त्याचा असा सगळा वास घरभर कोंडलेला. अण्णांना तेल लावून झालं आणि आईनं मला हाक मारली. मी जुनी, कोपरापर्यंत बाह्यांची मॅक्सी घालून पाटावर बसले. हात माझे मी चोळते, असं मी म्हटलं. आईनं पाठ आणि पाय रगडले, मग वाटी माझ्याकडे सरकवली आणि दारात उभी राहिली. मी चुकारपणा करीन हे तिला माहीत होतं. "बाहीखाली घाल हात. तिथंच मळ साठतो," ती म्हणाली. मी तेलाचा हात बाहीखाली घातला. मग उटणं घेतलं आणि त्या ओल्या जखमेवर, आई बघत असताना, सणाच्या दिवशी रगडायचं तसं रगडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिला तेल गेलं असं वाटलं. कारीट फोडून मी सरळ आत गेले.

भाऊबीजेपर्यंत दंड टरारून सुजला होता आणि मला सणकून ताप भरला होता. मावसभावाला ओवाळताना तबक माझ्या हातून कलंडलं, आईनं बाही वर केली आणि किंचाळलीच. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी जखम फोडून पू काढला. ते म्हणाले, अशा रस्त्यावरच्या कामात सुई घाण असते, आणखी दोन दिवस गेले असते तर हात वाचवणं कठीण होतं. मग त्यांनी मला विचारलं, सुई नवी होती का? अण्णा आणि आई दोघंही पलंगाशी उभे होते. मी म्हटलं, माहीत नाही. थोड्या वेळानं अण्णांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, जुनीच असावी.

आईला तिच्या उटण्यामुळे हे झालं हे कळू नये, तिला वाईट वाटू नये, म्हणून मी खोटं बोलले, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. माझी मुलगी वयात आल्यावर तर ही गोष्ट मी इतक्या वेळा मनात घोळवली की मला ती खरीच वाटायला लागली. ती खरी नाही. जुनी सुई म्हटल्याबरोबर सगळ्यांचा राग माझ्यावरून उठून दुसरीकडे गेला, आणि मला हायसं वाटलं. आई माझ्या उशाशी बसून मऊ भात भरवू लागली. चोरून जाण्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही. मी त्या आठवड्यात जेवढे लाड करून घेतले तेवढे आधी कधी झाले नव्हते.

ताप उतरल्यावर अण्णा म्हणाले, चल, ती बाई दाखव. मला वाटलं होतं गोष्ट घरातच मिटेल. स्कूटरवर त्यांच्या मागे बसून जाताना मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा मिटलं. पद्मजा दिवाळीला नलगोंड्याकडे तिच्या आजोळी गेलेली होती, हे मला आठवलं आणि त्याचंही बरं वाटलं, कारण तिनं सगळं पाहिलं होतं.

नरसम्मा एका म्हाताऱ्या बाईच्या हातावर काम करत होती. अण्णा ते पुरं होईपर्यंत थांबले, त्यांचा स्वभावच तसा. मग त्यांनी शांतपणे माझी पट्टी सोडली आणि दंड तिच्यापुढे धरला. तिनं यंत्र बंद केलं. भोवती हां हां म्हणता माणसं जमली. ओटा ज्यांचा होता ते बांगडीवाले चाचा बाहेर आले. अण्णांना त्यांनी ओळखलं, सलाम केला आणि खुर्ची मागवली. अण्णा उभेच राहिले. ते ओरडले नाहीत. घाण सुई वापरून तुम्ही पोरींच्या जिवाशी खेळता, एवढंच ते म्हणाले. नरसम्मा घाबरली नव्हती. तिनं आपला नियम सांगितला, जमलेल्या लोकांपैकी दोघांनी हो हो केलं. मग तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"सुई इसके पास है, साब. इसीच के हाथ में दी मैं. पूछो."

अण्णा माझ्याकडे वळले. साक्षीदाराला विचारायचं तसं, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी विचारलं, "शैला, यांनी काम झाल्यावर सुई तुझ्याकडे दिली होती का?"

घरी टेबलावर कंपासपेटी होती, आणि तिच्यात ती पुडी. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? अण्णांनी तिथल्या तिथे तिची माफी मागितली असती आणि घरी येऊन ते माझ्याशी महिनाभर बोलले नसते. त्यापलीकडे काहीही झालं नसतं. हा हिशेब मी आज करू शकते. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की एवढ्या लोकांसमोर अण्णांची मान माझ्यामुळे खाली जाईल, आणि ती खाली घालणारी मी असेन.

"नाही," मी म्हटलं.

नरसम्मानं चाचांकडे पाहिलं. चाचांनी आधी तिच्याकडे, मग अण्णांकडे पाहिलं, आणि मान हलवून म्हणाले, "वकीलसाब की बच्ची झूट कैकू बोलेंगी, अम्मा?"

मघाशी हो हो करणारे दोघंही मागे सरकले. चाचांनी तिला सामान उचलायला सांगितलं, तेही अदबीनं, कारण ते भले गृहस्थ होते. तिनं तार गुंडाळली, यंत्र एका जुन्या टॉवेलात बांधलं, शाईच्या बाटल्यांची बुचं एकेक करून घट्ट लावली. त्या सगळ्या वेळात अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी पोलिसात जायचं नाही असं ठरवलं आणि त्याबद्दल चाचांनी त्यांचं मोठं मन वाखाणलं. परत येताना अण्णांनी मला उसाचा रस पाजला. घरी आल्यावर मी ती पुडी मागच्या गटारात टाकली.

सुट्टी संपून पद्मजा परत आली तेव्हा तिला बाजारातून सगळं कळलंच होतं. तिनं मला कॉलेजच्या जिन्यात गाठून विचारलं, हे खरं का. मी अण्णांचं, लोकांचं, गर्दीचं काहीतरी सांगू लागले. तिनं अर्ध्यावरच वही उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. उरलेलं दीड वर्ष ती तिथेच बसत राहिली. अण्णांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते गेले तेव्हा कोर्टातल्या लोकांनी शोकसभेत त्यांच्या सचोटीबद्दल भाषणं केली, आणि एकानं तर माझ्याकडे पाहून सांगितलं की हीच शिकवण त्यांनी मुलांनाही दिली. मी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना वाटलं मी वडिलांसाठी रडते आहे.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं आहे, आणि सगळ्यात अवघड तेच आहे. त्या प्रकाराला वर्ष होत आलं होतं. एका बँकेच्या परीक्षेसाठी मी सिकंदराबादला गेले होते. पेपर बरा गेला होता, ऊन उतरलं होतं, आणि मी स्टेशनसमोरच्या बसथांब्यावर उभी होते. सीताफळांचे दिवस होते. थांब्याच्या कडेला ओळीनं टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. एका टोपलीतल्या फळांवर मी हात ठेवला, आणि वर पाहिलं तर नरसम्मा. मला पळून जाता आलं असतं. पण तिनं माझं मनगट धरलं होतं.

ती चिडलेली दिसली नाही. तिनं दुसऱ्या हातानं माझी बाही वर सरकवली आणि दंड उजेडाकडे वळवला. नांग्या नीट होत्या. पाय आठाचे सहा उरले होते. शेपटीच्या जागी नुसता पांढरट, चुरगळलेला डाग होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. जीभ टाळ्याला लावून च्च केलं, शिंपी दुसऱ्यानं उसवलेल्या कपड्याला करतो तसं.

"तेल लगाए तुम," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान हलवली.

"रगडे भी."

मी पुन्हा मान हलवली. तिनं बाही खाली केली, पण मनगट सोडलं नाही. शेजारची बाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती, बसचे कंडक्टर ओरडत होते, आमच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. नरसम्मानं आवाज खाली आणला.

"अब तो कोई नहीं है. बोलो, सुई दी थी ना मैं?"

"दी थी," मी म्हटलं.

हे दोन शब्द उच्चारल्यावर मला रडू फुटलं, आणि त्याबरोबरच छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ती आता माझ्या पाठीवरून हात फिरवील. आपण किती धीराचं काम केलं, असंही त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं. एवढी मी निर्लज्ज होते.

तिनं माझं मनगट सोडलं.

"उधर बोलना था," ती म्हणाली, आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या एका माणसाला पिकलेली फळं निवडून द्यायला लागली. पुन्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी डोळे पुसून थांब्यावर येऊन उभी राहिले. उधर म्हणजे कुठे, ते मला नीट माहीत होतं. चाचांचं दुकान तिथेच होतं, ओटा रिकामा होता, आणि दिवस मावळायला अजून तासभर होता. पहिली बस आली ती दिलसुखनगरचीच होती. ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली, तिच्यात बसायला जागाही होती. तिच्यामागून आमच्या नारायणगुड्याची आली, आणि मी तिच्यात चढले.